परदेशी स्थळ पाहताना



गेल्या महिन्यात एका रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर एक माऊली मला भेटावयास आल्या. मूळच्या त्या वसईकडील. थोरला मुलगा हैदराबादेत नोकरीस असल्यामुळे काही दिवस त्याच्याकडे राहावयास आलेल्या. धाकटी मुलगीही येथेच एका रुग्णालयात परिचारिका आहे. तिला इंग्लंडमधील एक स्थळ आले होते. मुलगा तिकडचाच, ब्रिटिश नागरिक, धर्माने कॅथलिक. वर्षभर पत्रव्यवहार व दूरध्वनी चालला होता आणि दोघांचे मन जुळले होते. मुलगी विवाहास मोकळी असल्याचा दाखला कसा मिळवावा, एवढेच त्या माऊलींना विचारावयाचे होते.

"फादर, सारे ठरले आहे," त्या म्हणाल्या. "मुलगी सहा आठवड्यांची रजा काढून पर्यटकाच्या व्हिसावर जाईल. तिकडे देवळात लग्न लागेल. एकदा लग्न लागले की ती तिकडचीच झाली. मग तिला परत कोण पाठवील?"

मी त्यांना बसावयास सांगितले आणि म्हणालो, "मावशी, दाखल्याचे मागाहून पाहू. आधी तुमच्या या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पाहू. कारण तिला परत पाठवू शकतात."

त्या गोंधळून गेल्या. त्यांचा गोंधळ पाहून मला वाटले, की आपल्या गावोगावच्या कुटुंबांत आज हाच समज घर करून असेल. मुले आखातात, युरोपात, अमेरिकेत, कॅनडात जात आहेत. तेथे त्यांची मने जुळतात, परदेशी जावई व सुना घरात येतात. त्यात वावगे काही नाही. तथापि विवाहाची गाठ पडणे ही एक गोष्ट आणि त्या गाठीच्या बळावर परक्या देशात राहण्याचा हक्क मिळणे ही दुसरी. या दोन गोष्टी एकच आहेत असे मानल्यामुळे कित्येक मुलींचे आयुष्य मध्येच लोंबकळत राहिले आहे. म्हणून आजचे हे लिखाण.

एके काळी या दोन गोष्टी खरोखरच बहुतांशी एक होत्या. हैदराबादेत नीलोफर रुग्णालय ठाऊक नाही असा मनुष्य विरळा. ज्यांच्या नावाने ते उभे आहे त्या राजकन्या नीलोफर तुर्की उस्मानी घराण्यातल्या. १९२४ साली त्या साऱ्या घराण्याला तुर्कस्तानातून हद्दपार करण्यात आले. नोव्हेंबर १९३१ मध्ये फ्रान्समधील नीस या शहरी त्यांचा विवाह निजामांचे धाकटे पुत्र मोअज्जम जाह यांच्याशी झाला. त्याच वेळी शेवटच्या खलिफांची कन्या दुर्रुशेहवार यांचा विवाह थोरले पुत्र आझम जाह यांच्याशी लागला. ज्यांना स्वतःचा देश उरला नव्हता त्यांना विवाहाने घर मिळाले. परंतु पुढे १९५२ साली नीलोफर यांचा विवाहविच्छेद झाला. त्यांचे उरलेले आयुष्य युरोपात गेले आणि १९८९ साली पॅरिसमध्ये त्यांचे देहावसान झाले. राजकन्येला युरोपात आसरा होता. सामान्य घरच्या मुलीला तो कोठून मिळणार?

त्या काळी पुष्कळ देशांत पत्नीला पतीचे राष्ट्रीयत्व आपोआप मिळत असे आणि तिचे स्वतःचे आपोआप जात असे. यात स्त्रीला मत नव्हते. हा अन्याय हळूहळू दूर झाला. अमेरिकेने १९२२ मध्ये व ब्रिटनने १९४८ च्या कायद्याने ती रीत मोडली. १९५७ साली संयुक्त राष्ट्रांनी विवाहित स्त्रियांच्या राष्ट्रीयत्वाविषयी करार केला. आज विवाहामुळे आपली मुलगी भारतीयत्व गमावीत नाही, ही चांगलीच गोष्ट झाली. पण तिला पतीचा देशही आपोआप मिळत नाही. तिच्या हाती येते ती केवळ अर्ज करण्याची वाट, आणि ती वाट प्रत्येक देशात निराळी असते.

इंग्लंडचेच पाहा. साध्या पर्यटक व्हिसावर गेलेल्या व्यक्तीला तेथे विवाहच करता येत नाही. विवाहासाठी निराळा अभ्यागत व्हिसा असतो. पण त्यावर गेल्यास लग्न उरकून परत यावे लागते. तेथेच संसार थाटावयाचा असेल तर वाग्दत्त वधू म्हणून किंवा आधी विवाह करून पत्नी म्हणून भारतातून अर्ज करावा लागतो. बोलावणाऱ्या जोडीदाराचे उत्पन्न ठरावीक रकमेहून कमी असता कामा नये. एप्रिल २०२४ मध्ये ही रक्कम वर्षाला २९,००० पौंड करण्यात आली. इंग्रजी भाषेची परीक्षा आणि क्षयरोगाची तपासणी असते ती निराळी. इतके होऊनही पत्नीला कायमचा वास मिळत नाही. त्यासाठी पाच वर्षे थांबावे लागते. २०१२ पूर्वी हीच मुदत दोन वर्षांची होती.

अमेरिकेत नागरिकाशी विवाह होऊन दोन वर्षे पुरी झाली नसतील, तर पत्नीला मिळणारे ग्रीन कार्ड दोन वर्षांपुरतेच असते. १९८६ च्या कायद्याने ही अट घातली. मुदत संपण्यापूर्वीच्या नव्वद दिवसांत पतिपत्नींनी मिळून अर्ज करावयाचा आणि आपला संसार खरा असल्याचे दाखवावयाचे. आपल्याकडील पुष्कळ तरुण तेथे नोकरीच्या व्हिसावर असतात; त्यांच्या बायकांचा तर स्वतंत्र असा वासच नसतो. पतीची नोकरी गेली की दोघांचाही पाया सुटतो. आखाती देशांतही बहुधा जो बोलावतो त्याच्याच कागदावर पत्नीचा वास टांगलेला असतो.

नागरिकाचा हक्क तरी पक्का असेल, असे कोणास वाटेल. जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की आपल्या परदेशी जोडीदाराला देशात येऊ दिलेच पाहिजे असा नागरिकाला घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही. त्या दाव्यातील पत्नी अमेरिकन नागरिक होती आणि पती एल साल्वाडोरचा. विवाह खरा असल्याविषयी वाद नव्हता. तरीही व्हिसा नाकारला गेला तो गेलाच.

आता वाचक विचारतील, की या अटी सरकारे का घालतात? कारण असे, की काही लोक विवाहाचे नुसते सोंग करून देशात शिरतात. केवळ कागदासाठी लग्न करणे हा अमेरिकेत पाच वर्षांपर्यंतच्या तुरुंगवासाचा गुन्हा आहे. ख्रिस्तसभेच्या नियमानेही ज्याने मनातून विवाहच नाकारला आहे त्याची संमती ही संमती नव्हे आणि ते लग्न लग्नच नव्हे. "चार पैसे देऊन कागदोपत्री लग्न लावू, मागाहून मोडू," असे सांगणारे दलाल आपल्या गावांतही फिरकतात. त्यांना उंबरठ्यावरूनच परत पाठवावे.

पण सोंगाड्यांसाठी लावलेला चाप बहुधा प्रामाणिक पत्नीच्याच गळ्याला लागतो. दोन वर्षे किंवा पाच वर्षे तिचे तेथे राहणे नवऱ्याच्या सहीवर अवलंबून असते. नवरा सज्जन असेल तर तिला त्या सहीची आठवणही राहत नाही. दुर्जन असेल तर तीच सही तिला मारण्याची काठी होते. "तक्रार केलीस तर परत पाठवीन," एवढे वाक्य तिला गप्प बसवावयास पुरते. कॅनडाने २०१२ मध्ये दोन वर्षे एकत्र राहण्याची अट घातली होती. छळ सोसणाऱ्या स्त्रिया या अटीच्या भयाने बोलत नाहीत, हे ध्यानात आल्यावर २०१७ मध्ये ती काढून टाकण्यात आली. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने छळ झालेल्या जोडीदाराला स्वतंत्र अर्ज करण्याची सोय झाली. ब्रिटनमध्येही तशी तरतूद आहे. आपल्या मुलीला निघण्यापूर्वी एवढे तरी ठाऊक हवे, की ती अगदीच निराधार नाही.

हे सारे मी हैदराबादेत बसून लिहीत आहे याला कारण आहे. या नगरीने परदेशी विवाहाचे उजळ आणि काळे असे दोन्ही रूप पाहिले आहे. जुन्या शहराच्या पलीकडे बारकस नावाची वस्ती आहे. निजामांच्या पदरी असलेल्या, हद्रामौतहून आलेल्या अरब शिपायांचे वंशज तेथे राहतात. बराकी या इंग्रजी शब्दावरूनच ते नाव पडले. समुद्रापलीकडचे त्यांचे नातेसंबंध पिढ्यान्‌पिढ्यांचे आहेत आणि त्यांत कितीतरी सुखी संसार झाले.

परंतु तेलाचा पैसा आला तशी दुसरी एक वाट पडली. ऑगस्ट १९९१ मध्ये हैदराबादहून दिल्लीस जाणाऱ्या इंडियन एअरलाइन्सच्या विमानात अमृता अहलुवालिया या विमानसेविकेला एक मुलगी रडताना दिसली. वय दहा-अकरा वर्षांचे. शेजारी साठीचा एक सौदी गृहस्थ. तो तिचा 'पती' होता. विमानसेविकेने विचारपूस केली, वरिष्ठांना कळविले आणि दिल्लीत पोलिसांनी त्या गृहस्थास ताब्यात घेतले. साऱ्या देशाला त्या दिवशी कळले, की जुन्या शहरातील गरिबांच्या मुली विवाहाच्या नावाखाली विकल्या जात आहेत. हा प्रकार तेथे थांबला नाही. सप्टेंबर २०१७ मध्येही हैदराबाद पोलिसांनी अशाच विवाहांच्या प्रकरणी ओमान व कतारच्या नागरिकांना, दलालांना आणि काझींना अटक केली.

याचा दोष कोणी एका धर्माच्या माथी मारू नये. त्या दुःखाविरुद्ध सर्वांत आधी आणि सर्वांत धीराने लढल्या त्या मुस्लिम स्त्रियाच. जमीला निशात यांची शाहीन ही संस्था जुन्या शहरात आजवर हेच काम करीत आली आहे. ही कहाणी दारिद्र्याची आहे आणि दारिद्र्य सर्व धर्मांच्या घरी पाणी भरते. पण तिच्यातील एक बारीक गोष्ट आपल्या कामाची आहे. लग्नाचा कागद त्या मुलींपाशीही असे. मात्र सौदी अरेबियासारख्या देशात परदेशी स्त्रीशी विवाह करावयास नागरिकाला सरकारची परवानगी लागते. ती नसेल तर येथे झालेल्या विवाहाला तेथे पाठबळ नाही. वासाचा हक्क तर दूरच. कागद होता, पण ज्या देशात त्याची गरज तेथे तो कोरा होता.

शिकल्यासवरल्या घरांचे काय? १९७५ साली तिरुपतीस विवाह झालेल्या एका जोडप्याचे प्रकरण पाहा. पतीने पुढे अमेरिकेतील मिसूरी राज्याच्या न्यायालयातून घटस्फोट मिळविला आणि दुसरे लग्न केले. पत्नी येथे न्याय मागत राहिली. १९९१ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की ज्या कायद्याखाली विवाह झाला त्या कायद्यात नसलेल्या कारणाने, पत्नीने मान्य न केलेल्या परदेशी न्यायालयाने दिलेला असा घटस्फोट भारतात बंधनकारक नाही. म्हणून परदेशी न्यायालयाचे कागद टपालाने आले तर घाबरून सही करू नये, आणि केराच्या टोपलीतही टाकू नयेत. त्याच दिवशी जाणत्या वकिलाकडे न्यावे.

फेब्रुवारी २०१९ मध्ये अनिवासी भारतीयांच्या विवाहनोंदणीचे विधेयक राज्यसभेत मांडले गेले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने या विषयावर सर्वंकष कायद्याची शिफारस केली. सरकारने करावयाचे ते सरकार करो. आपल्या घरी आपण काय करावे, हे पाहू.

या बाबतीत ख्रिस्तसभा कालची शिकाऊ नाही. १५६३ साली त्रेंतच्या धर्मपरिषदेने गुप्त विवाहांना आळा घातला. धर्मग्रामात तीन वेळा जाहीर घोषणा, स्वतः धर्मगुरू आणि दोन-तीन साक्षीदार यांशिवाय विवाह नाही, असे ठरले. त्याच वेळी परिषदेने फिरस्त्यांविषयी एक वेगळे कलम लिहिले. देशोदेशी फिरणारे काही पुरुष पहिल्या पत्नीला एका मुलखात टाकून दुसरीकडे दुसरी करतात; सबब कसून चौकशी केल्याशिवाय आणि बिशपांची परवानगी घेतल्याशिवाय धर्मगुरूंनी अशांचा विवाह लावू नये, असे त्या कलमाचे तात्पर्य. साडेचारशेहून अधिक वर्षे झाली. गलबतांच्या जागी विमाने आली, पण मनुष्याचे मन तेच आहे. ज्याचे ठावठिकाण निश्चित नाही त्याच्याविषयीचा तो नियम आजच्या धर्मसंहितेतही आहे.

म्हणून धर्मगुरू जेव्हा तुम्हाला स्नानसंस्काराचा ताजा उतारा मागतात, तेव्हा चिडू नका. आपल्या धर्मग्रामातील ती जुनी नोंदवही मोठी पहारेकरीण आहे. कॅथलिक मनुष्याचा विवाह जगात कोठेही ख्रिस्तसभेत लागला, तरी त्याची वार्ता त्याच्या स्नानसंस्काराच्या धर्मग्रामास कळवावयाची असते आणि तेथे त्याच्या नावासमोर समासात ती नोंदवावयाची असते. नियमाप्रमाणे सारे झाले असेल, तर आधी झालेला विवाह तो समास सांगून टाकतो. तेव्हा परदेशी वराकडूनही नुकताच काढलेला उतारा मागा. वर कॅथलिक नसेल तर बिशपांची परवानगी लागते. त्या निमित्ताने त्याच्या पूर्वायुष्याचीही विचारपूस होते.

परंतु देवळाची वही सरकारची कचेरी नव्हे. फ्रान्स व बेल्जियम या देशांत आधी नगरपालिकेत विवाह लावावा लागतो, मग देवळात. इंग्लंडमध्ये कचेरीत निदान अठ्ठावीस दिवसांची आगाऊ सूचना द्यावी लागते. परदेशातील आपल्या वकिलातीतही १९६९ च्या परदेशी विवाह कायद्याने विवाह होऊ शकतो. त्यासाठी वधूवरांपैकी एक जण भारतीय नागरिक हवा, आणि दोघांपैकी एकाने त्या ठिकाणी आधी तीस दिवस राहिलेले असावे. विवाह भारतात झाला तर देवळाच्या दाखल्यावर थांबू नका. सरकारी नोंदणीचा दाखला घ्या. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच सर्व धर्मांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करण्यास राज्यांना सांगितले आहे. त्या दाखल्यावर परराष्ट्र खात्याचे 'अपोस्टिल' नावाचे प्रमाणपत्र करून घ्यावे लागते. भारत २००५ मध्ये त्या करारात सामील झाल्यापासून असा दाखला पुष्कळ देशांत चालतो.

ज्यांचा मुलगा परदेशी सून घरी आणणार आहे त्यांनी हीच काळजी उलट बाजूने वाहावी. ती येथे आली म्हणजे भारतीय झाली असे नाही. विवाह नोंदलेला असून दोन वर्षे टिकला, तर भारताची परदेशस्थ नागरिक म्हणून कार्ड मिळविण्याचा अर्ज तिला करता येतो. पूर्ण नागरिकत्वासाठी सात वर्षांचा वास लागतो. पाकिस्तान व बांगलादेश यांच्याशी नाते असणाऱ्यांना मात्र ते कार्ड मिळत नाही. आणि न्यायालयातून विवाह मोडला तर हे कार्डही रद्द होऊ शकते. आपली लेक परमुलखात ज्या भीतीने झोपेतून दचकेल, तीच भीती आपल्या घरच्या सुनेच्या उशाशी असू शकते, हे सासूसासऱ्यांनी विसरू नये.

माझ्यासमोर बसलेल्या त्या माऊलींना मी चार प्रश्न लिहून दिले. मुलगी कोणत्या व्हिसावर जाणार आणि त्या व्हिसावर विवाह चालतो काय? तिचा वास किती वर्षे पतीवर अवलंबून राहणार आणि स्वतःचा कधी होणार? मुलाचे उत्पन्न, घर आणि पूर्वीचा विवाह यांविषयी कागद काय सांगतात? आणि चौथा, सर्वांत महत्त्वाचा : उद्या काही विपरीत घडलेच, तर तिचा पासपोर्ट तिच्याच हाती असेल ना, आणि तिला येथे परत यावयास दार उघडे असेल ना?

चौथ्या प्रश्नाशी त्या थबकल्या. "फादर, लग्नाआधीच असे अभद्र कशाला विचारायचे? मुलाला काय वाटेल?"

"सज्जन असेल तर बरे वाटेल," मी म्हणालो. "ज्याला हे प्रश्न आवडत नाहीत, त्याचे उत्तर आपल्याला मिळालेच म्हणून समजा."

रूथची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. ती मवाब देशाची, परकी, विधवा. सासूबरोबर बेथलेहेमात आली आणि बवाजाच्या शेतात सरवा वेचू लागली. बवाजाच्या मनात तिच्याशी विवाह करावयाचे आले. पण त्याने गुपचूप विवाह उरकला नाही. तो आधी गावच्या वेशीत जाऊन बसला आणि दहा वडील माणसे बोलावली. ज्या नातलगाचा हक्क आधी होता त्यालाही बसविले, जमिनीचे काय, रूथचे काय, हे सर्वांदेखत मिटविले, साक्षीदार ठेवले. मग विवाह केला. त्या परक्या स्त्रीचा गावातला हक्क विवाहाच्या आधी, भरल्या वेशीत पक्का झाला. बवाजाचे रूथवर प्रेम नव्हते असे कोण म्हणेल? प्रेम होते म्हणूनच तो वेशीत गेला. तिच्याच वंशात पुढे दावीद जन्मला आणि त्याच वंशात आपला तारणारा.

आजची वेस म्हणजे वकिलात, नोंदणी कचेरी आणि धर्मग्रामाची वही. तेथे रांगेत उभे राहण्याचा कंटाळा करणारा वर कितीही गोड बोलला, तरी त्याने अजून बवाजाचे काम केलेले नाही.

त्या माऊलींच्या घरची हकिकत सांगून पुरे करतो. मुलीने चारही प्रश्न मुलाला कळविले. त्याने राग मानला नाही. आठ दिवसांत स्नानसंस्काराचा उतारा, पगाराचे कागद आणि घराचा करार पाठविला. पर्यटक व्हिसाचा बेत सोडून वाग्दत्त वधूचा अर्ज करावयाचे ठरले. लग्न काही महिने लांबले. माऊली गावी परत निघाल्या तेव्हा निरोप घ्यावयास आल्या. "फादर, गावात लोक विचारतील लग्न का लांबले म्हणून. काय सांगू?"

"सांगा, जावईबापू अजून वेशीत बसले आहेत," मी म्हणालो. त्या हसल्या, आणि पिशवीतून घरच्या वालाच्या डाळीची पुडी काढून माझ्या मेजावर ठेवून गेल्या.